३० सप्टेंबरचा पट

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे ही गावे मागे टाकत शेळगावला येतो आणि निमगाव केतकीवरून पुढे इंदापूर गाठतो. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच पट्ट्यातून पंढरीला जाते आणि बेलवाडीच्या रिंगणाला सारी पंचक्रोशी लोटते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथे दुसरी एक रांग लागते. बीड, आष्टी, पाटोदा, गेवराई, पाथर्डी, जामखेड या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ट्रॉलीत अंथरुणे, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कोंबड्या, धान्याची पोती असतात आणि त्या सामानावर मुले बसलेली असतात. पाच-सहा महिने ती उसाच्या फडाशेजारी किंवा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत राहतात. कोपीपासून जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळदा दिसेल इतकी जवळ असते. तरी यातली कित्येक मुले त्या शाळेची पायरी चढत नाहीत.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २००९चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे त्याचे नववे कलम सांगते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मास्तरांनी या मुलांना हाकलले असेही सहसा घडत नाही. मग ही मुले बाहेर राहिली कशी? याचे उत्तर शोधताना एकेका हंगामापाशी थांबून भागत नाही, सरकारी कागदांच्या जवळपास दोनशे वर्षांच्या इतिहासात मागे जावे लागते. सुदैवाने हा इतिहास इंदापूर तालुक्यापासूनच सांगता येतो.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने दख्खनमध्ये सारा बसवायला घेतला. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली आकारणी इतकी जड आणि सदोष निघाली, की इंदापूर भागातील शेते पडीक पडू लागली. ती रद्द करून १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि त्यांच्याबरोबर विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने मोजणी केली. जमिनीची प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला. पुढे मुंबई इलाखाभर जी रयतवारी पद्धत गेली तिचा पहिला पाठ इथे गिरवला गेला. शेताचा नंबर, क्षेत्र, प्रत आणि आकार, सगळे कागदावर आले. तीस वर्षांनी, १८६७मध्ये, याच तालुक्यापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा बराच वाढला. वाढलेला सारा आणि सावकारी यांत पिचलेल्या शेतकऱ्यांचा उद्रेक मे १८७५मध्ये शेजारच्या सुप्याच्या बाजारात झाला. इतिहास त्याला दख्खनचे दंगे म्हणतो.

साऱ्यासोबत आणखी एक पट्टी आली होती. १८६०च्या दशकात सरकारने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला. म्हणजे शेळगाव-निमगावच्या कुणब्याने, माळ्याने, धनगराने शाळेचे पैसे भरायला दीडशे वर्षांपूर्वीच सुरुवात केली. शाळेत बसला कोण, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सरळ मांडला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांनी लेखी निवेदनात सांगितले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यातच आहे. महार-मांगांची मुले जातीच्या पूर्वग्रहामुळे शाळांतून व्यवहारतः बाहेरच राहतात, त्यांच्यासाठी काढलेल्या वेगळ्या शाळा फक्त मोठ्या शहरांत आहेत आणि खुद्द पुण्यात या वस्तीसाठी अशी एकच शाळा आहे, हेही त्यांनी नोंदवले.

फुल्यांच्या या निवेदनाआधी सव्वीस वर्षे घडलेले एक प्रकरण या साऱ्या विषयाचे मूळ आहे, असे मला वाटते. जून १८५६मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेने त्याला घेतले नव्हते. वुडचा शिक्षणविषयक खलिता येऊन दोन वर्षे आणि इलाख्याचे शिक्षण खाते स्थापन होऊन वर्षच झाले होते. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत कोणाला बसू द्यायचे, याची ती पहिली मोठी कसोटी होती.

२१ जुलै १८५६ रोजी मुंबई सरकारने ठराव केला. न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूला आहे, याबद्दल शंका नाही, असे त्यात मान्य केले होते. पण एका किंवा मोजक्या व्यक्तींसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुतींत एकदम हात घातला तर शिक्षणाच्याच कार्याची मोठी हानी होईल, असे पुढे म्हटले होते. अर्जदाराची अडचण या सरकारने निर्माण केलेली नाही, म्हणून ती तडकाफडकी दूर करणेही सरकारला शक्य नाही, असा त्याचा शेवटचा मुद्दा होता. मुलगा बाहेरच राहिला.

हा ठराव लिहिणारी माणसे क्रूर नव्हती, आणि म्हणूनच तो नीट वाचायला हवा. हक्क मान्य करायचा, संख्या थोडी आहे म्हणायचे, दोष परंपरेचा आहे म्हणायचे आणि आहे ती व्यवस्था चालू ठेवायची, अशी त्याची रचना आहे. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारचा सूर मात्र वेगळा होता. बंगाल इलाख्यातल्या कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, असे त्यांनी जानेवारी १८५७मध्ये कळवले. विलायतेतल्या संचालक मंडळाने २८ एप्रिल १८५८च्या खलित्यात सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. तत्त्व ठरले, पण शाळेतली बसण्याची जागा ठरली नाही. हंटर आयोगाने ते तत्त्व पुन्हा उचलून धरले, मात्र ते जपून अमलात आणावे असे सुचवले आणि वेगळ्या शाळांचा रस्ता खुला ठेवला. पुढची कित्येक वर्षे मुले व्हरांड्यात, दाराबाहेर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून शिकली. साताऱ्यात शिकलेले भीमराव आंबेडकर त्यांतलेच एक.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९१९मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. धारवाड तिथून फार दूर नाही. जे काम साठ वर्षांपूर्वी इंग्रज सरकारला अशक्य वाटले होते, ते एका संस्थानिकाने हुकमाने केले. ब्रिटिश मुलखात मुंबई सरकारला तेवढे बोलायला १९२३ उजाडले: अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान थांबेल, असे त्या वर्षी ठरले. सायमन आयोगापुढे १९२८मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन देताना आंबेडकरांनी धारवाडचा ठराव पुन्हा उजेडात आणला. बहात्तर वर्षांपूर्वीचा कागद त्यांना शिळा वाटला नव्हता. पुढे अस्पृश्य आणि आदिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३०च्या अहवालात सामाईक शाळांचीच शिफारस केली. त्या समितीत आंबेडकर स्वतः सदस्य होते.

जातीच्या नावाने दार बंद करणे अशा रीतीने कागदावर तरी संपत आले. त्याच काळात इंदापूरच्या रानात एक नवी परिस्थिती आकार घेत होती. तिने पुढे मुलांना वेगळ्याच वाटेने शाळेबाहेर नेले.

१८७६-७७च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरेच्या डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण झाले, वीरजवळ बंधारा झाला आणि १८८०च्या दशकात बारामती-इंदापूरच्या जिरायतीत पाणी खेळू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. कोणत्या शेताला किती वर्षे, कोणत्या पिकासाठी पाणी मिळणार हे आधी ठरू लागले आणि उसाला निश्चित जागा मिळाली. जमिनीपाठोपाठ पाण्याचेही मोजमाप कागदावर आले. सासवडच्या माळ्यांनी कालव्याकाठच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस आणि गूळ पिकवला. १९३२मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळाल्यावर खासगी कारखाने उभे राहिले. वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर शेळगावच्या शेजारीच आहे. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या धर्तीवर सहकारी कारखान्यांची लाट आली. बारामती-इंदापुरात माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती आणि सोमेश्वर हे कारखाने झाले. उजनीचे पाणी आल्यावर तालुक्याच्या भीमेकडच्या बाजूलाही ऊस पसरला आणि बिजवडीला आणखी एक कारखाना उभा राहिला.

गुऱ्हाळाच्या काळात ऊस तोडायला गावातली आणि आसपासची माणसे पुरत. कारखान्याला रोज हजारो टन ऊस वेळेवर लागतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखान्याने आपल्या हाती घेतली आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वळता केला. मजूर मात्र कारखान्याचे नोकर झाले नाहीत. मध्ये वाहतूक ठेकेदार आणि मुकादम आले. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, त्या उचलीपोटी हंगामभर बांधली जाते. १९७२च्या दुष्काळाने बीड-नगरची जिरायत मोडली आणि हा प्रवाह कायमचा झाला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९मध्ये कायदा झाला, पण बीडचा मजूर पुण्याच्या जिल्ह्यात येताना राज्याची सीमा ओलांडत नाही, त्यामुळे तो कायदा त्याच्या वाट्याला आला नाही. कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात दर काही वर्षांनी करार होऊ लागले. त्यासाठी संप झाले, शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाची चर्चा महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाचली. त्यात टनाचा दर, मुकादमाचे कमिशन आणि विमा हे विषय पुढे असत. कोयत्याबरोबर येणाऱ्या मुलांची नोंद ना मस्टरवर होती, ना करारात.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जूनमध्ये पहिलीत नाव घातलेले मूल दिवाळीच्या सुमारास ट्रॉलीत बसते आणि कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर, परीक्षा झाल्यावर परत येते. जुन्या व्यवस्थेत सतत गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी होई किंवा ते मूल नापास होई. दोन-तीन वर्षे त्याच वर्गात बसलेली, उंच वाढलेली मुलगी पुढच्या जूनला शाळेत येत नसे. फडात तिला काम असतेच. धाकट्याला सांभाळायचे, पाणी आणायचे, वाढे गोळा करायचे, मोळीला हात लावायचा. दहा-बारा वर्षांची झाली की एकटी कोपीत ठेवायला आई धजत नाही, मग ती फडातच येते. तिथून लग्न फार लांब नसते.

या मुलांसाठी राज्याने उचललेले पहिले ठोस पाऊल म्हणजे साखरशाळा. सर्व शिक्षा अभियान २००१मध्ये सुरू झाले, त्यात औपचारिक शाळेबाहेरच्या मुलांसाठी शिक्षण हमी आणि पर्यायी शिक्षणाला निधी होता. महाराष्ट्रात महात्मा फुले शिक्षण हमी योजनेने तो वापरला. स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ने अनेक जिल्ह्यांतील कारखान्यांच्या तळांवर अशा शाळा चालवल्या. कारखान्याने जागा द्यायची, पत्र्याचा किंवा पाचटाचा आडोसा उभारायचा, गावातला बारावी-पदवी झालेला तरुण किंवा तरुणी शिकवायला घ्यायची आणि हंगाम संपताना मुलाच्या मूळ शाळेला प्रगतीचा कागद द्यायचा. फडाच्या वेळेशी शाळेची वेळ जुळवली जाई. पाठीवर धाकटे भावंड घेऊन आलेल्या मुलीला कोणी परत पाठवत नसे.

साखरशाळेत उणिवा होत्या. शिक्षक अप्रशिक्षित आणि अल्प मानधनावरचे, एका वर्गात चार-पाच इयत्तांची मुले, अनुदान उशिरा येई आणि हंगाम निम्मा सरल्यावर खडू-फळा पोहोचे. फडावर राहणाऱ्या, तळापासून लांबच्या मुलांपर्यंत ती पोहोचत नसे. तरीही तिची मूळ कल्पना बरोबर होती, असे माझे मत आहे. त्या शाळेने मुलाला कागदावरच्या गावात न शोधता, ते जिथे होते तिथे शोधले.

याच काळात राज्याने दुसरी चांगली गोष्ट केली होती. दर एक किलोमीटरवर शाळा पोहोचवायची म्हणून २०००-०१पासून वाड्या-वस्त्यांवर वस्तीशाळा काढल्या. इंदापूर-बारामतीसारख्या भागात शेतकरी गावठाणात कमी आणि रानातल्या वस्तीवर जास्त राहतो. ओढ्यापलीकडची, कालव्यापलीकडची पाच-दहा घरे अशा शाळेमुळे प्रथमच शाळेच्या टप्प्यात आली. सुरुवातीला हजार रुपये मानधनावर राबलेल्या त्या निमशिक्षकांना नियमित सेवेत यायला २०१४ उजाडले. ऊसतोडीच्या कोप्याही वस्त्यांजवळच पडतात. म्हणजे साखरशाळा आणि वस्तीशाळा मिळून या मुलांसाठी, अपुरे का होईना, एक जाळे तयार होत होते.

मग शिक्षण हक्क कायदा आला. प्रत्येक मूल मान्यताप्राप्त शाळेत, प्रशिक्षित शिक्षकाकडे, वयानुरूप वर्गात शिकले पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. गरिबांच्या मुलांना दुय्यम शाळा देऊ नका, ही त्यामागची भूमिका योग्य होती. ‘पर्यायी’ म्हणून चालणाऱ्या केंद्रांना तिथे जागा उरली नाही. पर्यायी शिक्षणाचा निधी आटला आणि साखरशाळा एकामागून एक बंद पडल्या. तळावरच्या मुलांनी आता जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जायचे होते. पण अंतर, मधला वर्दळीचा रस्ता, सकाळी फडात गेलेले आईबाप, घरी राहिलेले तान्हे भावंड, वंजारी-लमाण बोलीवर हसणारा वर्ग, या कशाचीच सोय त्या सूत्रात झाली नव्हती.

याहून मोठा अडसर मोजणीचा आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. देशभरातली शाळांची माहितीही त्याच तारखेच्या पटाची असते. टोळ्या निघतात त्या त्यानंतर. म्हणून बीडच्या शाळेत ३० सप्टेंबरला चाळीस मुले दिसतात आणि नोव्हेंबरात बाके रिकामी होतात. इकडे इंदापूरच्या शाळेत सप्टेंबरचे शिक्षक आणि सप्टेंबरच्या मुलांपुरतीच पुस्तके असतात, आणि नोव्हेंबरात दाराशी नवी मुले येतात. त्यांना घेणारे शिक्षक या भागात नक्कीच आहेत, पण ती मुले संचमान्यतेच्या हिशेबात कुठेच येत नाहीत. त्यांच्यासाठी वाढीव शिक्षक नाही, गणवेश नाही. २०२२-२३पासून संचमान्यतेला आधार जुळलेलेच विद्यार्थी धरण्याचा आग्रह सुरू झाला आणि ज्यांच्या आधारात चूक आहे किंवा ज्यांचे आधारच नाही, ती मुले वर्गात असूनही मोजणीतून गळू लागली.

ऑक्टोबर २०११मध्ये राज्याने पटपडताळणीची मोठी मोहीम केली. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस महाराष्ट्रातल्या शाळांत एकाच वेळी डोकी मोजली गेली. बोगस विद्यार्थी दाखवून अनुदान लाटणाऱ्या संस्था त्यात उघड्या पडल्या आणि ते आवश्यकच होते. त्या वर्षीचा दसरा ६ ऑक्टोबरला होता. मोजणारे गेले आणि त्यानंतर टोळ्या निघाल्या. बोगस पट शोधणाऱ्या त्या मोहिमेला हंगामाने रिकामा होणारा खरा पट दिसण्याचा संभव नव्हता.

कायद्याच्या सोळाव्या कलमाने आणखी एक गुंता केला. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही, काढून टाकायचे नाही. हे कलम मुलांच्या हिताचे आहे. नापासाच्या शिक्क्याने किती मुले गेली हे ज्यांनी पाहिले आहे, ते त्याचे महत्त्व जाणतात. पण स्थलांतराची दुसरी सोय न करता ते लागू झाल्याने ऊसतोड मजुराच्या मुलाचे नाव पटावर टिकले आणि मूल मात्र फडात राहिले. पूर्वी नाव कमी झाल्यावर ते मूल निदान शाळाबाह्य म्हणून मोजले जाई. आता ते तिसरीतून चौथीत, चौथीतून पाचवीत जात राहते आणि आकडेवारीत शाळेतच असते. २०१९मध्ये केंद्राने कायदा बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा अडवण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्रानेही त्या इयत्तांना परीक्षा आणली. वर्षातले पाच महिने ज्याला शाळाच मिळाली नाही, त्याची वार्षिक परीक्षा कोणत्या न्यायाने घ्यायची, याचे उत्तर त्या बदलात मला सापडत नाही.

साखरशाळा बंद पडल्यावर राज्याचा भर मुलांना गावीच ठेवण्यावर गेला. हंगामी वसतिगृहाची योजना आली: आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांकडे राहील आणि शाळेत दोन वेळचे जेवण मिळेल. बीड जिल्ह्यात ती मोठ्या प्रमाणावर चालली आणि तिने बरीच मुले शाळेत राखली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसे नाहीत त्यांना ती उपयोगी पडत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलीला मागे ठेवायला आईबाप तयार होत नाहीत. २०१५नंतर शिक्षण हमी कार्ड आले. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेने मुलाला विनाअट बसवून घ्यायचे. शाळाबाह्य मुले शोधून आणणाऱ्या शिक्षकांना बालरक्षक म्हटले जाऊ लागले आणि त्यांतल्या काहींनी स्वतःच्या खिशातून खर्च करून मुले वर्गात आणली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले आणि २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढायचे ठरले. तीही मुलांच्या मूळ गावांकडे. ज्या तालुक्यांत ऊस तोडला जातो, तिथली बाजू पुन्हा स्थानिक शाळांच्या आणि संस्थांच्या भल्या मनावर राहिली. बारामती तालुक्यात सोमेश्वरनगरच्या तळावर ‘कोपीवरची शाळा’ म्हणून चाललेला प्रयत्न अशाच भल्या मनांचा. मुलांपाशी जाऊन शिकवायचे आणि जवळच्या शाळेशी त्यांचे नाते जोडायचे, ही साखरशाळेची मूळ कल्पना तिथे पुन्हा जिवंत झाली.

दरम्यान जाळ्याचा दुसरा धागा, म्हणजे वस्तीवरची छोटी शाळा, उसवू लागला. डिसेंबर २०१७मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय घेतला. पटसंख्या कमी तिथे मुलांना सोबती मिळत नाहीत, शिक्षणाचा दर्जा राहत नाही, असे कारण दिले गेले. सप्टेंबर २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत जवळपास एक लाख पंच्याऐंशी हजार मुले शिकत होती. पुणे जिल्ह्यातले पानशेत हा समूह शाळेचा नमुना म्हणून पुढे केला गेला. शिक्षक आणि पालकांनी विरोध केल्यावर हा वेग मंदावला. पण १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांची शिक्षकपदे आक्रसली, आणि शिक्षकच नसलेली शाळा बंद करायला वेगळ्या आदेशाची गरज पडत नाही.

मोठ्या शाळेत चार सोबती, प्रयोगशाळा, खेळाचा तास मिळतो, हे खरे आहे आणि त्या युक्तिवादाला मी कमी लेखत नाही. पण वीसचा आकडा ज्या पटावरून काढला तो कोणत्या महिन्याचा आहे, हे विचारायला हवे. कालव्याकाठच्या ज्या वस्तीशाळेत ३० सप्टेंबरला चौदा मुले असतात, तिच्या हाकेच्या अंतरावर जानेवारीत पंधरा-वीस कोप्या पडलेल्या असू शकतात. त्या कोप्यांतली मुले आत आली तर ती शाळा छोटी राहत नाही. शाळा बंद झाली तर मात्र स्थानिक चौदा मुलांसाठी वाहनाची सोय होईल आणि कोप्यांतल्या मुलांसाठी, जी कोणत्याच यादीत नाहीत, ती होणार नाही.

१८५६च्या ठरावाची रचना इथे ओळखू येते. न्याय मुलांच्या बाजूला आहे, हे आजही प्रत्येक परिपत्रक मान्य करते. त्यांची संख्या थोडी धरली जाते, कारण मोजायला माणूस जातो तेव्हा ती तिथे नसतात. स्थलांतर आम्ही निर्माण केलेले नाही, असेही म्हटले जाते. पण कालवा सरकारने खोदला, पाण्याची पाळी सरकारने ठरवली, सहकारी कारखान्यांच्या भागभांडवलात आणि कर्जाच्या हमीत सरकार होते, आणि उसाचा दर व गाळपाचा हंगाम आजही सरकार ठरवते. दरवर्षी गाळप सुरू करायच्या तारखेवर मंत्री समितीची बैठक होते. शेळगावच्या फडात कोयता कोणत्या आठवड्यात पडणार, हे मुंबईत महिनाभर आधी ठाऊक असते.

इतके ठाऊक असलेल्या यंत्रणेला दुसरा पट घेणे अवघड नाही. ३१ डिसेंबरची आणखी एक मोजणी, आणि तिच्यावर हंगामापुरते शिक्षक. कारखान्याकडे प्रत्येक टोळीचा करार असतो, मुकादमाचे नाव आणि कोयत्यांची संख्या असते, आता तर उसाची नोंद मोबाईल ॲपवर होते. गाळप परवाना देताना टनांच्या अंदाजासोबत मुलांची यादीही मागता येईल आणि ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे हंगामाआधी पाठवता येईल. गोल्डस्मिड आणि विंगेटने साखळीने तालुक्याचा प्रत्येक तुकडा मोजला, त्याला आता १९० वर्षे होत आली. इंदापूरच्या फडांत या हंगामात किती मुले आहेत, ही नोंद अजून कोणत्याही सरकारी वहीत होत नाही.